क्युरेटर व्हायचे आहे, तर पहिली पाच वर्षे कुठे घालवावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात चित्रकलेचे शिक्षण घेऊन तुम्ही दोन वर्षांपासून पुण्यातल्या एका शाळेत कलाशिक्षिका आहात, समकालीन कलेची क्युरेटर व्हायचे तुम्ही ठरवले आहे आणि तुमच्यापुढे दोन वाटा दिसत आहेत: कर्ज काढून परदेशातला क्युरेटिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, किंवा नोकरी सोडून मुंबईतल्या एखाद्या कलादालनात बिनपगारी इंटर्नशिप. इंग्रजी बेताचे आहे आणि या क्षेत्रात ओळखीचे कोणी नाही, हेही तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे. मी गेली वीस-बावीस वर्षे मुंबईत हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. सरकारी संग्रहालयांत ‘अभिरक्षक’ असे पद असते. संग्रह सांभाळणे, त्याची नोंद ठेवणे आणि त्याचा अभ्यास करणे हे त्या पदाचे काम. तुम्ही ज्या कामाबद्दल विचारता आहात त्यासाठी मराठीत काही जण ‘गुंफणकार’ हा शब्द वापरतात आणि मला तो आवडतो, कारण वेगवेगळ्या कलावंतांची कामे एका विचाराने, एका जागेत, एका क्रमाने ओवणे हे त्यात नेमके आले आहे. अडचण अशी की, समकालीन कलेत गुंफणकार म्हणून कायमस्वरूपी नेमणूक मिळण्याच्या जागा आपल्या देशात फार थोड्या आहेत. बहुतेक जण प्रदर्शनागणिक मानधनावर काम करतात, आणि तिथवर पोहोचण्याआधीची काही वर्षे गॅलरी असिस्टंट, प्रकल्प समन्वयक, संग्रहाची नोंद ठेवणारा, संशोधन सहायक अशा नावांखाली जातात. म्हणून पदवी की नोकरी यापेक्षा मी तुम्हाला असे विचारीन: पुढची पाच वर्षे कलाकृतींच्या आणि कलावंतांच्या रोज जवळ राहता येईल अशी जागा तुम्हाला कुठे मिळू शकते, आणि त्या पाच वर्षांचा खर्च कोण उचलणार आहे?

याचे उत्तर परिस्थितीनुसार बदलते. मुंबईत मामा-मावशीकडे राहायची सोय आहे की भाड्याची खोली घ्यावी लागेल, घरी पैसे पाठवावे लागतात का, कर्जाला तारण काय, या गोष्टी तुमच्या गुणवत्तेइतक्याच निर्णायक ठरतात. त्या मला माहीत नाहीत, त्यामुळे माझे म्हणणे तुमच्या परिस्थितीशी ताडून पाहा.

माझी स्वतःची सुरुवात एका खासगी दालनातल्या नोकरीने झाली. पहिल्या आठ महिन्यांत प्रदर्शनाच्या कल्पनेशी माझा काहीही संबंध आला नाही. माझे काम होते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कलाकृतीचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे तिच्या स्थितीची नोंद, लिहिणे. चित्र क्रेटमधून, म्हणजे लाकडी पेटीतून, बाहेर काढले की दोघांनी ते उभे धरायचे आणि आधी मागची बाजू पाहायची: चौकटीच्या पट्ट्या, कोपऱ्यांतल्या पाचरी, जुन्या प्रदर्शनांची चिकटवलेली लेबले, कलावंताने खडूने लिहिलेला बाण, कधी वाळवीची बारीक माती. मग चित्र सुलटे करायचे, खोलीतले दिवे मालवायचे आणि टॉर्च चित्राच्या कडेला अगदी तिरपा धरून प्रकाश पृष्ठभागावरून सरकवत न्यायचा. समोरून सपाट दिसणाऱ्या रंगाचे डोंगर-दऱ्या अशा उजेडात दिसू लागतात. मग लिहायचे: ‘डाव्या खालच्या कोपऱ्यापासून ४ सेंटिमीटर वर, ११ मिलिमीटर लांबीची केसासारखी भेग, रंग सुटलेला नाही.’ चित्राचा विमा एका भिंतीवरच्या खिळ्यापासून निघून परत त्याच खिळ्यावर येईपर्यंतचा असतो, आणि वाटेत काही झाले तर ती भेग आधीची की नंतरची, याचा निवाडा त्या एका ओळीवर होतो. पण माझ्या दृष्टीने त्या कामाचा मोठा लाभ वेगळाच होता. एका चित्राकडे सलग वीस मिनिटे पाहण्याची सवय मला त्या रिपोर्टाने लावली. कलावंताने कुठे रंग खरवडून पुन्हा लावला आहे, कुठे त्याने घाई केली आहे, कुठे तो थांबला आहे, हे मी कोणत्याही पुस्तकाआधी त्या टॉर्चच्या उजेडात शिकले.

म्हणूनच दालनातली सुरुवात मी कमी लेखत नाही. तिथे कलाकृतीची किंमत कशी ठरते, विक्रीतला एक-तृतीयांश ते निम्मा वाटा दालन का घेते, संग्राहक कोणते प्रश्न विचारतो आणि कलावंत कोणत्या प्रश्नांनी दुखावतो, हे सारे रोज समोर घडते. मर्यादाही सांगते: विकले जाईल तेच चांगले, असा समज नकळत अंगात मुरू शकतो, आणि ध्वनी, व्हिडिओ किंवा मांडणशिल्पासारखी (इन्स्टॉलेशन) कामे त्यामुळे आपल्या नजरेतून निसटू शकतात. पण पगाराची नोकरी सोडून बिनपगारी इंटर्नशिप करण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. जे काम केल्यावाचून प्रदर्शन उघडत नाही, त्या कामाचे पैसे द्यायला हवेत. तुमच्याकडे शाळेची मे महिन्याची सुट्टी आहे. त्या सहा आठवड्यांपुरते एखाद्या दालनात किंवा संग्रहालयात काम करा, जेवण-प्रवासाचा खर्च मागून घ्या आणि कोणते काम शिकवणार हे ईमेलवर लेखी घ्या. सहा आठवड्यांत तुम्हाला ते जग कळेल आणि त्यांनाही तुम्ही कळाल.

संग्रहालयाचा रस्ता संथ आहे, पण विचारांच्या दृष्टीने तो मला अधिक समृद्ध वाटतो. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण घ्या. १८७२ साली लोकांसाठी खुली झालेली ही इमारत जीर्णोद्धारानंतर २००८ साली पुन्हा उघडली, आणि तेव्हापासून तिथे समकालीन कलावंतांना जुन्या संग्रहाशी बोलणारी कामे करण्यासाठी बोलावले जाते. कारागिरांच्या आणि जातीजमातींच्या मातीच्या लहान प्रतिकृती, मुंबईचे नकाशे, भांडी, शस्त्रे यांच्या कपाटांशेजारी आजचे काम ठेवले की दोन्हींचा अर्थ कसा हलतो, हे तिथे प्रत्यक्ष पाहता येते. आधुनिक व समकालीन भारतीय कला आणि क्युरेटिंग यांवर पदव्युत्तर पदविकाही या संग्रहालयाने चालवली आहे. परदेशाचा विचार करण्याआधी तिथे चौकशी करा. प्रवेश, शुल्क आणि वर्गांच्या वेळा त्यांच्याकडूनच कळतील. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेत कलेतिहास आणि सौंदर्यशास्त्राचे, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कला व सौंदर्यशास्त्राचे उत्तम शिक्षण मिळते आणि त्यासाठी जन्मभराचे कर्ज करावे लागत नाही. क्युरेटिंगचे तंत्र प्रत्यक्ष कामात शिकता येते. कलेतिहासाची बैठक मात्र बसून, वाचून, शिक्षकांशी वाद घालूनच तयार होते.

परदेशी शिक्षणाबद्दल बोलते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजमध्ये क्युरेटिंगचे अभ्यासक्रम १९९० च्या दशकापासून आहेत, आणि तिथून आलेल्या सहकाऱ्यांबरोबर मी आनंदाने काम केले आहे. तिथे वर्गमित्र मिळतात आणि ते जन्मभर उपयोगी पडतात, हे खरे. पण चोवीस-पंचविसाव्या वर्षी, एकही प्रदर्शन हाताखालून न गेलेल्या अवस्थेत तिथे गेलेल्या व्यक्तीला स्वतःचा प्रश्न नसतो; ती तिथले प्रश्न घेऊन परत येते आणि मग इथे त्यांना उदाहरणे शोधत बसते. त्यात कर्जाचा हप्ता सुरू झाला, की मानधन कसेही असले तरी येईल ते काम घ्यावे लागते, आणि स्वतःची दिशा ठरण्याच्या नेमक्या वर्षांत निवडीचे स्वातंत्र्य जाते. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर माझे म्हणणे बाजूला ठेवून जरूर जा. नाही तर तीन-चार वर्षे इथे काम करून, स्वतःचा प्रश्न घेऊन अर्ज करा; तेव्हा अर्जही अधिक वजनदार होईल.

लेखनाचा रस्ता तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्यासाठी तोच सर्वात जवळचा आहे असे मला वाटते. २०११ साली व्हेनिस बिएनालेतले (बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे मोठे कलाप्रदर्शन) भारताचे पहिले राष्ट्रीय दालन गुंफणारे रणजित होस्कोटे मुंबईच्या वृत्तपत्रातल्या कलासमीक्षेतून पुढे आले. जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या २००२ सालच्या अकराव्या आवृत्तीचे कलासंचालक ओक्वुई एन्वेझोर राज्यशास्त्र शिकलेले कवी होते. न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली त्यांनी समकालीन आफ्रिकी कलेवरचे ‘न्का’ हे नियतकालिक काढले आणि त्यातून त्यांचा अभ्यास जगाला दिसला. लेखनाला जागा लागत नाही, विमा लागत नाही, परवानगी लागत नाही. वही आणि चप्पल झिजवण्याची तयारी लागते.

इथे तुमच्या इंग्रजीची काळजी घेऊ. कामापुरते इंग्रजी शिकावेच लागेल, कारण करारनामे, अनुदानाचे अर्ज आणि बहुतेक कॅटलॉग त्याच भाषेत असतात. वर्षभर रोज एक तास दिला तर ते जमते. पण मराठीला उणीव समजू नका. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाचा भिंतलेख मी इंग्रजीतून मराठीत करायला बसले. इंग्रजीत कलावंताची ‘प्रॅक्टिस’ कशाची तरी ‘चौकशी’ करते असे वाक्य होते आणि मराठीत ते उभेच राहीना. शेवटी मी कलावंताला फोन करून विचारले, की तू सकाळी स्टुडिओत आलास की नेमके काय करतोस? तो म्हणाला, बंद पडलेल्या गिरणीच्या हजेरीपटांवरची नावे मी कार्बन पेपरने पुन्हा पुन्हा उतरवतो, अक्षर पुसट होऊन नाहीसे होईपर्यंत. तेच वाक्य मी भिंतीवर लिहिले, आणि मग इंग्रजी लेखही त्याप्रमाणे बदलला. जे मराठीत सांगता येत नाही ते बहुधा आपल्यालाच समजलेले नसते, असा माझा तेव्हापासूनचा अनुभव आहे. समकालीन कलेवर मराठीत नेमके लिहिणारी माणसे फार कमी आहेत, आणि महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला त्यांची गरज आहे.

चित्रकलेचे शिक्षण वाया गेले का, असा सूर तुमच्या प्रश्नात जाणवला. अजिबात नाही. कोची-मुझिरिस बिएनाले १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाली ती बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन कलावंतांच्या पुढाकाराने. पुढच्या चार आवृत्त्या जितीश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे आणि शुभिगी राव यांनी गुंफल्या, आणि हे सर्व स्वतः कलावंत आहेत. अर्थात त्या जबाबदारीपर्यंत ते कलावंत म्हणून दीर्घ वाटचाल करून आले, हेही लक्षात ठेवा. कोचीला तुम्ही प्रेक्षक म्हणून जाच, पण शक्य झाले तर उभारणीच्या काळात हात द्यायला जा. विद्यार्थ्यांची स्वतंत्र बिएनालेही २०१४ पासून तिथे होते. २०२२ साली मुख्य स्थळे ठरलेल्या १२ डिसेंबरऐवजी २३ डिसेंबरला खुली झाली. एवढ्या मोठ्या प्रदर्शनात क्रेट कस्टममधून कधी सुटते, छत गळते का, सुतार किती आहेत, यावर विचारांचे भवितव्य किती अवलंबून असते, हे उभारणीत राहिल्याशिवाय समजत नाही. गोव्यात पणजीला २०१६ पासून भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव तुम्हाला कोल्हापूरहून आणखी जवळ आहे.

आता स्वतःच्या पहिल्या प्रदर्शनाबद्दल. त्यासाठी कोणाच्या नेमणुकीची वाट पाहू नये, या मताची मी आहे. आज जगभर नावाजलेले क्युरेटर हान्स उलरिख ओब्रिस्ट यांनी १९९१ साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन इथल्या आपल्या घराच्या स्वयंपाकघरात प्रदर्शन केले तेव्हा ते विद्यार्थी होते. आपल्याकडे झाशा कोला यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन प्रतिष्ठानात काम केले, २०१० साली सुमेश शर्मा यांच्याबरोबर मुंबईत क्लार्क हाउस ही जागा सुरू केली, आणि २०२५ ची तेरावी बर्लिन बिएनाले त्यांनी गुंफली. त्यांनी परदेशात शिक्षण घेतले होते हे खरे, पण मला त्या वाटचालीत संग्रहाजवळची नोकरी आणि मग आपल्या पिढीच्या कलावंतांसाठी स्वतः उघडलेली जागा, हा क्रम अधिक महत्त्वाचा वाटतो.

माझे पहिले प्रदर्शन गिरगावातल्या एका बंद छापखान्यात झाले, पाच कलावंतांचे, जुलै महिन्यात. विषय मनापासून जमला होता, लेख तीनदा लिहिला होता, पण फ्रेमचा खर्च वाचवण्यासाठी कागदावरची कामे मी माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) न लावता थेट काचेखाली बसवली. दहा दिवस पाऊस लागला. खोलीत दमटपणा वाढला, कागद फुगून काचेला टेकला आणि एका मैत्रिणीचे शाईचे रेखाटन काचेला चिकटले. सोडवताना वरचा थर सुटला. तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण ते चित्र पुन्हा झाले नाही आणि त्याची खंत मला आजही आहे. काच आणि कागद यांच्यामध्ये आम्लविरहित माउंटची तीन-चार मिलिमीटर हवा लागते, कागदावरच्या कामावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड नको, पावसाळ्यात कोकणपट्टीत कागदाचे प्रदर्शन करायचे तर आधी जागेच्या आर्द्रतेचा आठवडाभर अंदाज घ्यायचा, या गोष्टी मला तेव्हा कोणी सांगितल्या नव्हत्या आणि मीही विचारल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या हातचे काम आपल्या ताब्यात असते, ही जाणीव कल्पनेच्या आधी यायला हवी. तुमच्या छोट्याशा प्रदर्शनातही प्रत्येक कामाची यादी, मापे, फोटो, किंमत आणि परत करण्याची तारीख असलेला एक कागद दोघांच्या सह्यांनी करा, मग कलावंत कितीही जवळचा असो.

पैशाबद्दल एवढेच सांगते, की काम सुरू करण्याआधी मानधन, हप्ते आणि कॅटलॉगच्या लेखाचे वेगळे पैसे लेखी ठरवा. सुरुवातीला एका दालनाने माझे दोन प्रदर्शनांचे मानधन बुडवले, कारण माझ्याकडे फक्त तोंडी शब्द होता. आणि ज्या प्रदर्शनाचा लेख तुम्ही लिहिता त्यातल्या विक्रीवर टक्केवारी घेऊ नका. निदान घेणार असाल तर कलावंताला आधी सांगा. तुमच्या मताला किंमत राहायची असेल तर हे पथ्य फार लवकर पाळायला लागते. संशोधनासाठी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्थांची अनुदाने असतात आणि दिल्लीच्या खोज संस्थेने दक्षिण आशियातल्या तरुण क्युरेटरांसाठी कार्यशाळा घेतल्या आहेत. त्यांच्या घोषणांवर लक्ष ठेवा.

आता ज्याला मी वर ‘स्वतःचा प्रश्न’ म्हटले त्याबद्दल. मुंबई-दिल्लीत जे चालले आहे तेच आपण करावे, असे नवख्या माणसाला वाटते. तुम्ही कोल्हापूरच्या आहात. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे, चित्रकार, शिल्पकार आणि चित्रपट दिग्दर्शक असे सगळे एकाच आयुष्यात असलेले बाबूराव पेंटर, आणि त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पुतळे घडवण्याची आणि ओतण्याची परंपरा तुमच्या घराजवळ आहे. महाराष्ट्रातल्या चौकाचौकांत आज नवे पुतळे उभे राहत आहेत. ते कोण मागवतो, मातीचा नमुना कोण मंजूर करतो, घोड्याचा पाय उचललेला असावा की टेकलेला यावर कोण वाद घालतो, जुना पुतळा उतरवला की तो कुठे जातो? हा पूर्णपणे समकालीन प्रश्न आहे, आणि त्यावर काम करणारे छायाचित्रकार, शिल्पकार, व्हिडिओ करणारे कलावंत शोधून एकत्र आणता येतील. तुमचा प्रश्न हाच असावा असे नाही. तुमच्या पायाखालची जमीन तुम्हाला किती देऊ शकते हे दाखवण्यासाठी सांगितले. औंधचे श्री भवानी संग्रहालयही पाहून या, एका संस्थानिकाने खेड्यात बसून काय जमवले आणि का जमवले, याचा विचार करत.

पाहण्याचा सराव मात्र आजपासून सुरू करा. मुंबईला याल तेव्हा राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जा. जुन्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ साली सुरू झालेल्या त्या दालनात प्रेक्षक जिन्याने मजल्यामागून मजला चढत वरच्या घुमटापर्यंत जातो. तिथले कोणतेही प्रदर्शन पाहताना, पहिले काम कोणते भेटले, जिन्याच्या वळणावर काय दिसले, घुमटाखाली काय ठेवले आणि ते तिथेच का, एवढेच टिपून ठेवा. कामांच्या मध्यरेषा जमिनीपासून किती उंचीवर आहेत तेही पाहा. साधारण दीडशे सेंटिमीटरची रीत आहे, आणि ती कुठे मुद्दाम मोडली आहे ते शोधा.

म्हणून माझे उत्तर असे: शाळेची नोकरी आणखी वर्षभर सोडू नका, कर्ज आत्ता काढू नका, आणि मेच्या सुट्टीसाठी फेब्रुवारीतच चार ठिकाणी लिहा. तोवर तुमच्याबरोबर शिकलेल्या तीन कलावंतांच्या कामाच्या जागी जा, मग ती जागा माडीवरची खोली असो की गोठ्याशेजारची शेड. प्रत्येकाकडे दोन तास बसा, फोन बाजूला ठेवा, आणि परत आल्यावर प्रत्येकावर तीनशे शब्दांचे मराठी टिपण लिहा, ज्यात त्याचे चरित्र नसेल आणि एकही विशेषण नसेल. ते आधी त्या कलावंताला वाचून दाखवा. तो कुठे अडतो, कुठे ‘असे नाही, असे’ म्हणून हातातले काम उचलून दाखवू लागतो, ते लिहून घ्या आणि टिपण दुरुस्त करा. तीन टिपणे झाली की मला पाठवा. मी नक्की वाचीन.